मित्रांसोबत वीकेंडला शहर फिरायला जाताय? मग ही तयारी आधी करा

आत्तापर्यंत घरच्यांसोबत किंवा टूरवाल्यांसोबतच फिरणं झालंय आणि आता पहिल्यांदाच मित्रांचा ग्रुप जमवून शनिवार-रविवार एखादं शहर बघायला निघायचंय, अशांसाठी हे लिहितोय. ट्रेकचं बरं असतं, वाट एकच, सगळे एकामागोमाग चालतात. शहरात प्रत्येक चौकात चार पर्याय, भूक प्रत्येकाला वेगळ्या वेळी, एकाला फोटो काढायचेत, दुसऱ्याला म्युझियममधली प्रत्येक पाटी वाचायचीय आणि तिसऱ्याला नुसतं कुठेतरी बसून माणसं बघायचीत. बघायच्या जागा नेटवर पाच मिनिटांत सापडतात हो, त्याला गाईड लागत नाही. रस्त्यात उभं राहून घ्यावे लागणारे निर्णय जितके कमी ठेवाल तितकी ट्रिप चांगली होते, आणि पुढचं सगळं त्याच हिशोबाने सांगतोय.

१. आधी माणसं, मग तारीख, मग शहर

बहुतेक ग्रुप उलटं करतात. आधी शहर ठरतं, मग महिनाभर "कोण कोण येतंय" चालू राहतं आणि शेवटी निम्मे गळतात. पहिल्या ट्रिपला ४ ते ६ जण पुष्कळ झाले. ६ जणांत दोघा-दोघांच्या जोड्या होतात १५ आणि ८ जणांत होतात २८, म्हणजे माणसं वाढली दोनच पण कुणाचं कुणाशी जमतंय, कोण कुणावर वैतागलंय हे सांभाळायचं काम जवळपास डबल. शिवाय ४ जण एका टॅक्सीत मावतात, आणि ८ जण झाले की जेवायला एकत्र टेबल मिळायची वाट बघत बाहेर उभं राहणं हाच एक कार्यक्रम होऊन बसतो.

तारखेसाठी ग्रुपवर "कधी जमेल रे सगळ्यांना?" असं विचारू नका, त्याला कधीच धड उत्तर येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये १२ पर्यंत पर्याय टाकता येतात पण तुम्ही दोन किंवा तीनच वीकेंड टाका, खाली शेवटची मुदत लिहा, आणि मुदत संपली की जास्त मतं पडली तो वीकेंड फायनल, ज्याला जमत नाही तो पुढच्या वेळी येईल. "बघतो, बहुतेक येतो" म्हणणारा प्रत्येक ग्रुपात एक असतोच, त्याला सरळ "नाही" धरून चला. जाण्या-येण्याच्या तिकिटाचे पैसे ज्याने पाठवले तो येतोय, बाकी सगळी बोलाची कढी.

बजेटचं बोलणं मात्र ग्रुपवर नको. चारचौघांत "मला परवडत नाही" असं कुणी म्हणत नाही, गप्प बसतो आणि शेवटच्या आठवड्यात काहीतरी कारण काढून कटतो. एकेकाला वेगळं विचारा, सगळ्यात कमी आकडा ज्याचा असेल त्याच्या बेताने राहायचं-जायचं ठरवा, ज्याला जास्त उडवायचेत त्याने आपले आपण उडवावेत.

२. हातात खरंच किती वेळ आहे ते कागदावर मांडा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग ट्रिपभर धावत सुटतात. समजा शनिवारी सकाळी १० ला पोचलात आणि रविवारी संध्याकाळी ५ ला परत निघायचंय. झाले ३१ तास. त्यातून रात्री साडेदहा ते सकाळी साडेआठ झोप-आंघोळ-आवराआवर असे १० गेले. चार वेळा खाणं, ग्रुप असला की प्रत्येकी तास सव्वा तास जातोच, म्हणजे ५ गेले. सामान टाकायला जाणं, परत घ्यायला येणं, गाडीच्या आधी स्टेशनवर पोचणं यात ३ गेले. शहरातल्या शहरात इकडून तिकडे जाण्यात अजून ३ धरा. उरले १० तास, दोन दिवस मिळून! आणि लोक यादी घेऊन येतात बावीस ठिकाणांची.

म्हणून नियम साधा ठेवा, एका दिवसाला एकच मोठी जागा. मोठी म्हणजे जिथे तिकीट काढून आत दोन-तीन तास जाणार, किल्ला, राजवाडा, म्युझियम, प्राणिसंग्रहालय काहीही. तिच्या आसपास पायी जाता येईल असा एक भाग. बाकी वेळ मोकळा सोडा, तो आपोआप भरतो, त्याची काळजी करायला नको.

आता ती मोठी जागा निवडायची कशी? प्रत्येकाकडून दोनच गोष्टी मागवा, एक "हे बघायचंच" आणि एक "हे मला अजिबात नको". दुसरी यादी जास्त कामाची असते खरं तर, कारण तीन जणांना म्युझियमचा कंटाळा आहे हे आधी कळलं तर दोन म्युझियम लागोपाठ ठेवायची वेळ येत नाही. मग सगळ्या "बघायचंच" जागा गूगल मॅप्सवर सेव्ह करा आणि झूम कमी करून नकाशाकडे नुसतं बघा. पिना कुठेतरी दाटीने पडलेल्या दिसतील, तो तुमचा शनिवार, दुसरी दाटी म्हणजे रविवार, आणि लांब कोपऱ्यात एकटी पडलेली जी पिन असेल ती निर्दयपणे काढून टाका, मग ती कितीही फेमस असो. एका जागेसाठी जाऊन-येऊन दोन तास घालवणं हे दहा तासांच्या ट्रिपमध्ये परवडत नाही.

३. बंद कधी असतं ते बघा, वेबसाइटवर जाऊन बघा

म्युझियम सोमवारी बंद, हे सगळ्यांना माहीत असतं आणि शनिवार-रविवार जाणाऱ्याला वाटतं आपल्याला काय त्याचं. पण लाँग वीकेंड करून कुणी शुक्रवार जोडतं कुणी सोमवार, आणि तिथे गोची होते. दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी बंद असतो, पण ताजमहाल बंद असतो शुक्रवारी, हैदराबादचं सालारजंग म्युझियमही शुक्रवारी, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. व्हॅटिकनची म्युझियम्स तर रविवारीच बंद असतात, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि त्या दिवशी फुकट, म्हणजे गर्दी किती असेल ते तुम्हीच समजा. एकच एक नियम कुठेच नाही, त्यामुळे प्रत्येक जागेचं वेगळं बघायला लागतं.

फुकटच्या दिवसांबद्दल माझं मत असं की दोन दिवसांच्या ट्रिपला ते टाळावेत. वाचलेले पैसे रांगेत उभं राहून फेडता. त्यापेक्षा उशिरापर्यंत उघडं असण्याचा वार शोधा, बऱ्याच मोठ्या म्युझियममध्ये आठवड्यातून एखाद्या दिवशी रात्रीपर्यंत आत सोडतात आणि तेव्हा शाळांच्या सहली, टूरच्या बसेस सगळे निघून गेलेले असतात.

अजून एक, बंद व्हायची वेळ आणि शेवटची एन्ट्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६ ला बंद होतं म्हणजे तिकीट खिडकी बहुतेक ५ किंवा साडेपाचलाच बंद झालेली असते आणि आतले गार्ड शेवटच्या वीस मिनिटांत एकेक दालन रिकामं करायला लागतात.

आगाऊ बुकिंगचं जागेप्रमाणे बदलतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, सहा आठवडे आधी सुटतात आणि पटापट संपतात. मिलानला लिओनार्दोचं 'द लास्ट सपर' हे भिंतीवरचं चित्र बघायला छोट्या-छोट्या गटांना १५ मिनिटांसाठी आत सोडतात, तिथे ऐनवेळी गेलात तर बाहेरूनच भिंत बघून यायची. तुमच्या शहरात असं काही असेल तर शहर फायनल करायच्या आधी ते बघा, आणि सगळ्यांची तिकिटं एकाच माणसाने एकाच वेळी काढा, नाहीतर चौघांना ११ चा स्लॉट आणि दोघांना १२ चा असं होतं. नावाने तिकीट असेल तर ओळखपत्रावर आहे तेच नाव टाका, ग्रुपमधलं टोपणनाव नको.

४. राहायची जागा

इथे दोनच गोष्टी सांगतो. पहिली, बघायच्या जागांजवळ राहण्यापेक्षा मेट्रो किंवा बसच्या मोठ्या स्टॉपजवळ राहा, चालत सात-आठ मिनिटांत. रात्री दमून परत येताना याची किंमत कळते.

दुसरी, बाथरूम मोजा. बेडरूम सगळे मोजतात, बाथरूम कुणीच मोजत नाही. ६ जण आणि बाथरूम एक, माणशी १५ मिनिटं धरली तरी दीड तास. पहिला तयार होऊन बसलेला असतो, सहावा अजून टॉवेल शोधतोय, तोवर पहिल्याला परत भूक लागते. दोन बाथरूमवाली जागा थोडी महाग पडली तरी घ्या, रविवारी सकाळी पाऊण तास वाचतो आणि दहा तासांत पाऊण तास म्हणजे चेष्टा नाही.

चेक-इन साधारण दुपारी २ च्या आसपास आणि चेक-आउट सकाळी ११-१२ ला असतं, त्यामुळे दोन्ही दिवशी बॅगांचं काय करायचं हे आधीच विचारून ठेवा. हॉटेल असेल तर बहुतेक रिसेप्शनला ठेवून घेतात. घर भाड्याने घेतलं असेल तर मालक हो म्हणेलच असं नाही, मग स्टेशनवर क्लोकरूम किंवा लॉकर आहे का बघा. पाठीवर बॅग घेऊन शहर बघता येत नाही, आणि मोठी बॅग घेऊन कितीतरी म्युझियममध्ये आतच सोडत नाहीत.

५. कामं वाटून घ्या

एका चित्राची कल्पना करा. मेट्रो स्टेशनमधून सहा जण बाहेर आलेत. सहाच्या सहा जणांनी फोन काढलेत, सहा जणांचे निळे ठिपके गोल फिरतायत, एक म्हणतोय डावीकडे, एक म्हणतोय "थांब थांब, लोड होतंय", एक जण आधीच रस्ता ओलांडून पलीकडे गेलाय आणि एकाला आठवलंय की त्याला वॉशरूमला जायचं होतं. दहा मिनिटं इथेच गेली. दिवसातून असं पाच वेळा होतं.

उपाय असा की अर्ध्या दिवसासाठी नकाशा एकाच्याच हातात. तो सांगेल तिकडे सगळे जातात, चुकला तर चुकला, पाचशे मीटर जास्त चालू, पण मागून सल्ले द्यायचे नाहीत. दुपारनंतर दुसरा. सुरुवातीला हे जरा शाळेसारखं वाटतं पण एकदा सवय झाली की बाकीचे पाच जण फोन खिशात ठेवून आजूबाजूला बघायला लागतात, जे करायला खरं तर आपण आलोय. दुसरा माणूस तिकिटांचा, सगळे पीडीएफ त्याच्याकडे, स्क्रीनशॉट काढलेले, कारण गेटवर नेमकं नेट जातं. तिसरा पैशांचा, त्याबद्दल शेवटी.

आणि हो, शहराचा नकाशा आदल्या रात्री ऑफलाइन डाउनलोड करा. ऑफलाइनमध्ये बस-मेट्रोचे रूट आणि ट्रॅफिक दिसत नाही, म्हणून मेट्रोच्या नकाशाचा एक फोटो वेगळा ठेवा. मेट्रो-बसचा दिवसभराचा पास मिळतो का तेही बघा, दिवसात चारेक फेऱ्या होणार असतील तर बहुधा फायद्यात पडतो, शिवाय दरवेळी सहा जणांनी तिकिटाच्या रांगेत लागायचं वाचतं.

६. प्रत्यक्ष दिवस

सकाळी बाहेरच्या गोष्टी बघा, जुन्या गल्ल्या, बाजार उघडायच्या आधीचे चौक, बागा, पूल. ऊन तिरपं असतं, फोटो चांगले येतात, गर्दी नसते. पहिल्याच सकाळी एखादा पायी फिरवणारा टूर मिळाला तर जरूर घ्या, दोन-अडीच तासांत शहराची दिशा डोक्यात बसते आणि गाईडला विचारून पुढच्या दीड दिवसाच्या अर्ध्या शंका मिटतात. "फ्री" लिहिलेले टूर असतात ते खरे तर टिपवर चालतात, शेवटी काहीतरी द्यायचं असतं हे लक्षात ठेवा, हळूच सटकू नका.

माणूस रस्त्याने नेहमीसारखा चालला तर ताशी ४-५ किलोमीटर जातो. ग्रुपने शहर बघत चाललात तर त्याच्या निम्मा वेग धरा, मॅप्सवर १५ मिनिटं दाखवतंय ते तुमच्यासाठी अर्धा तास आहे.

दुपारी आतल्या जागा, म्युझियम वगैरे. इथे नवीन लोकांची गंमत होते, तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून पहिल्या दालनापासून सगळं बघायला लागतात आणि तासाभरात बाक दिसेल तिथे बसतात. हा काही तुमचाच आळस नाही, बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली या थकव्यावर लेखच लिहिला होता, वस्तू बघायला माणसाला किती वाकावं लागतं, मान कशी वळवावी लागते याचे फोटो काढून. तेव्हा आधी दोन-तीन दालनं ठरवा, ती ताजेपणी बघा, दीड तासात बाहेर पडा. ज्याला अजून बघायचंय तो थांबेल.

संध्याकाळी उंचावरची एखादी जागा, टेकडी, बुरूज, गच्ची, किंवा पाण्याकाठी. सूर्यास्ताची वेळ फोनवर दिसते, तिच्या पाऊण तास आधी पोचा, बरोबर वेळेवर पोचलात तर पुढे उभ्या असलेल्यांच्या डोक्यांचे फोटो मिळतात.

जेवणाचं थोडक्यात. सगळ्यांना भूक लागल्यावर हॉटेल शोधायला लागू नका, भुकेलेल्या सहा जणांचं एकमत होत नाही. गर्दीच्या अर्धा तास आधी बसा किंवा गर्दी ओसरल्यावर, आणि सहा जणांचं टेबल नसेल तर तीन-तीन बसा, काही बिघडत नाही.

७. फुटायला घाबरू नका

"तू तिथे मी" असं चोवीस तास चालवायचं कारण नाही. मित्रांच्या ट्रिप बिघडतात त्या बहुतेक वेळा ठिकाण वाईट निघालं म्हणून नाही, सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच जायचं हा हट्ट धरला म्हणून. दिवसातले दोन-तीन तास प्लॅनमध्येच "ज्याला जे करायचंय ते" असे लिहून टाका. एकाला खरेदी करू द्या, एकाला झोपू द्या, दोघांना तो लांबचा पूल बघून येऊ द्या. रात्री जेवताना बोलायला तरी काहीतरी नवीन असतं.

फक्त भेटायची जागा नीट ठरवा. "स्टेशनबाहेर भेटू" ही जागा नाही, मोठ्या स्टेशनला दहा गेट असतात. गेट नंबर, कुठल्या पुतळ्यापाशी, कुठल्या बाजूला, असं सांगा, जमल्यास तिथला फोटो टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येतं, १ तासाचं पुरतं, ८ तासांचं ठेवलंत तर संध्याकाळी बॅटरी बसलेली असेल. आणि उशीर करणाऱ्याची १५ मिनिटं वाट बघायची, मग पुढे निघायचं, तो मागून येईल. हे आधीच सगळ्यांसमोर ठरलेलं असलं की कुणाला राग येत नाही. रात्रीचं वेगळं, अंधार पडल्यावर अनोळखी भागात कुणालाही एकट्याने सोडू नका, निदान दोघं-दोघं राहा.

८. बॅगेत काय

पायात आधी वापरलेले बूट. नवीन बूट घालून ट्रिपला येणारा संध्याकाळी बँडेडची पट्टी शोधत फिरतो. पाण्याची बाटली, एक ओढणी किंवा पातळ शर्ट (बऱ्याच प्रार्थनास्थळांमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात), ओळखपत्र आणि त्याचा फोनमध्ये फोटो. पॉवरबँक ग्रुपमध्ये दोन पुरे, विमानाने जात असाल तर ती केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या सामानात चालत नाही. १०,००० एमएएचची साधी पॉवरबँक ३७ वॉट-अवरची असते आणि विमानात विनापरवानगी १०० पर्यंत चालते, तेव्हा चिंता नाही, पण कंपनीचे स्वतःचे नियम एकदा बघून घ्या. सेल्फी स्टिक, ट्रायपॉड शक्यतो नकोच, अनेक ठिकाणी गेटवर काढून ठेवायला लावतात आणि मग परत त्याच गेटने बाहेर यावं लागतं.

९. पैसे आणि फोटो

सगळं टीटीएमएम करायचं म्हटलं तर प्रत्येक बिलाला पाच मिनिटं हिशोब चालतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच कॉन्ट्री काढा, ठरावीक रक्कम पैसेवाल्याकडे, त्यातून टॅक्सी, पाणी, एकत्र जेवण, सगळ्यांची तिकिटं. संपली की परत काढा. स्वतःची खरेदी आणि फुटून केलेला खर्च त्यात नाही. मोठे खर्च, म्हणजे राहण्याचं वगैरे, ज्याने भरलं त्याने त्याच दिवशी स्प्लिटवाइज या खर्च वाटून घ्यायच्या अ‍ॅपवर टाकावेत. त्यात देणी-घेणी सोपी करून दाखवायची सोय आहे, सहा जणांनी एकमेकांना सतरा वेळा पैसे पाठवायची वेळ येत नाही. एखाद्याने म्युझियमला यायचंच टाळलं तर त्याच्या वाट्यातून ते तिकीट काढायचं, हे न मागता करावं.

हिशोब परतीच्या गाडीतच मिटवा. घरी पोचल्यावर "या आठवड्यात देतो" सुरू होतं आणि मग ज्याने जास्त भरलेत त्यालाच मागायची लाज वाटते.

फोटोंचंही तेच. त्याच प्रवासात एक शेअर्ड अल्बम बनवून सगळ्यांना आपापले टाकायला लावा, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते फोटो म्हणून पाठवलेत तर क्वालिटी उतरते, तिथेच पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि टाकायच्या आधी एकसारखे अकरा फोटो असतील त्यातले दहा उडवा रे कृपया.